उमेदवारीचे तीन महिने

पिंपळवंडीत माझा एक जुना विद्यार्थी फार्महाऊसच्या बागा करून देतो. लॉन, ठिबक, कुंपणाची झाडं. चार-पाच माणसं हाताशी. परवा म्हणाला, "सर, नवीन पोरगा तीन महिने बघतो. नाही जमला तर नारळ."

"काय बघतोस?"

तो हसला. "बघतो म्हणजे... बघतो."

सगळा घोळ इथेच आहे. पोरगा जूनमध्ये घेतला, तर ऑगस्टअखेर निकाल. पण पावसाळ्यात लॉन कुणाच्याही हातून जगतं! माळ्याची परीक्षा एप्रिलमध्ये, ड्रिपर चोंदतात तेव्हा. शिवाय आपल्या जुन्नर तालुक्यात बिबट्याच्या भीतीने कुणी दिवस मावळायच्या आत घरी निघाला, तर तो कामचुकार ठरत नाही.

मी स्वतः शिक्षणसेवक होतो. राज्याने 2000 साली ती योजना आणली : तीन वर्षं मानधनावर, मग कायम. मानधन कमी होतंच. पण तपासणीला येणारे वर्गात मागे बसून वहीत काहीतरी लिहून निघून जात, त्याचा त्रास जास्त व्हायचा. काय चुकलं ते कळलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी सुधारलं असतं.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणून सांगतो, 'उमेदवार' हा शब्द फारसीतून आला. उमेद बाळगून असलेला, तो उमेदवार. आपण मात्र त्याला टांगणीवर ठेवतो आणि तेही निम्म्या पगारात. परिवीक्षेवर आहे म्हणून किमान वेतनातून सूट मिळत नाही. 2019 ची वेतन संहिता तर सांगते की माणूस काढला किंवा त्याने स्वतः काम सोडलं, तरी दोन कामाच्या दिवसांत त्याचे पैसे चुकते करावेत.

त्याला म्हटलं, पहिल्याच दिवशी कागदावर दे. पगार किती, कोणती कामं यायला हवीत, मुदत कधी संपते. दर शनिवारी पाच मिनिटं बसून काय चुकलं ते सांग. मुदत वाढवायची तर एकदाच, कारण सांगून, पूर्ण पगारावर.

"सर, लिहून दिलं तर उद्या तोच कागद दाखवेल मला."

"दाखवू दे की."

परवा त्याने कागद माझ्याकडून तपासून नेला. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. पगाराचा आकडा मात्र पूर्ण होता.