पट्टीवरील दोन खुणा

गाडीचे सर्व्हिसिंग होऊन ती दारात आली, की बहुतेक कुटुंबांत तिची काळजी पुढील वर्षापर्यंत मिटते. बिलावर ऑइल, फिल्टर, मजुरी असे रकाने भरलेले असतात. रक्कम चुकती होते आणि बिल गाडीच्या कप्प्यात जाते. परंतु बिलावर नोंदलेले ऑइल इंजिनात योग्य पातळीवर आहे की नाही, हे स्वतः पाहणारे वाहनधारक थोडेच. त्यासाठी लागणारे साधन गाडीतच असते. बॉनेट उघडल्यावर पिवळी किंवा नारिंगी कडी दिसते. ती ओढली की लांब पातळ पट्टी बाहेर येते. हीच डिपस्टिक.

पट्टीच्या टोकाशी दोन खुणा असतात. खालची खूण किमान पातळीची, वरची कमाल पातळीची. पुष्कळ गाड्यांत या दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटर ऑइलाएवढे असते. लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात एकूण ऑइलच तीन ते साडेतीन लिटर मावते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बोटभर अंतराचे महत्त्व कळते.

ऑइल बदलल्यानंतरचे मोजमाप नेहमीच्या मोजमापापेक्षा वेगळे असते, आणि घोटाळा येथेच होतो. नवा फिल्टर बसवला जातो तेव्हा तो सहसा कोरडा असतो. नवे ऑइल ओतले की ते सगळे खाली चेंबरमध्ये उतरते आणि पट्टी पातळी भरलेली दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर पंप तेच ऑइल उचलून प्रथम फिल्टर भरतो. लहान गाडीच्या फिल्टरात पाव लिटरच्या आसपास ऑइल सहज राहते, म्हणजे पट्टीवरील अंतराचा सुमारे चौथा हिस्सा. इंजिन सुरू करण्यापूर्वी घेतलेली नोंद म्हणूनच फुगलेली असते. याच्या उलट चूक इंजिन बंद करताच पट्टी पाहण्याची. त्या क्षणी बरेचसे ऑइल वरच्या भागांत असते, ते खाली ओघळायला वेळ लागतो. पट्टी पातळी कमी दाखवते, आणि घाईत असलेला कारागीर त्यात आणखी ऑइल ओततो.

योग्य रीत साधी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. सोसायटीच्या उतारावरील पार्किंग यासाठी उपयोगाचे नाही. इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवावे, ॲक्सिलरेटर दाबू नये. पहिल्या दोन-तीन क्षणांत ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागलेला दिसला तर घाबरू नये. फिल्टर भरत असतो. त्यानंतरही दिवा विझला नाही तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे. मग पाच-दहा मिनिटे थांबावे. पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि दुसऱ्यांदा काढून वाचावी. पहिल्या वेळी पट्टीवर दिसणारे ऑइल नळीच्या भिंतींना लागलेले असते. ते वाचन धरू नये. इंजिन गरम असताना मोजावे की थंड असताना, आणि किती वेळ थांबावे, याबाबत काही कंपन्यांच्या सूचना निराळ्या असतात, तेव्हा गाडीसोबतचे पुस्तक एकदा उघडावे. नाहीतरी ते पुस्तक बहुतेकांच्या गाडीत प्लास्टिकच्या वेष्टनातच असते.

ऑइल कमी असणे वाईट, हे सर्वांना ठाऊक असते. जास्त असणेही वाईट, हे फारसे कोणी मानत नाही. चार लिटरचा कॅन फोडला आणि इंजिनाला साडेतीन लिटरच हवे असले, तर उरलेले अर्धा लिटर वाया कशाला घालवायचे, या काटकसरीच्या भावनेने तेही ओतले जाते. ही काटकसर महागात पडते. पातळी फार वर गेली, की वेगाने फिरणारा क्रँक त्या ऑइलात बुडतो आणि रवीने ताक घुसळावे तसे ते घुसळतो. त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, पंप ऑइलऐवजी फेस ओढू लागतो आणि बेअरिंगला मिळणारा दाब घटतो. जास्तीचे ऑइल सिलिंडरकडे जाऊन जळते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. वरच्या खुणेच्या केसभर वर पातळी असली तर काळजीचे कारण नाही. त्याहून जास्त असल्यास जादा ऑइल काढूनच घ्यावे.

लाल दिवा असताना पट्टी कशाला पाहायची, असेही विचारले जाते. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी मोजत नाही, दाब पाहतो. चालत्या गाडीत तो लागेपर्यंत पातळी किमान खुणेच्या बरीच खाली गेलेली असू शकते, आणि तेवढ्या वेळात बेअरिंगची झीज सुरू झालेली असते. इंजिन जाम झाले तर दुरुस्तीचा खर्च ऑइलच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो, आणि तेही घाटात, मुले-माणसे गाडीत असताना.

गॅरेजमध्ये कारागिरासमोर पट्टी काढून पाहणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे अनेकांना वाटते. हा संकोच अनाठायी आहे. बँकेच्या खिडकीवर रक्कम तेथेच मोजून घेण्याची सूचना असते. तिने रोखपालाचा अपमान होत नाही, उलट दोघांचेही रक्षण होते. चांगला कारागीर स्वतःच पट्टी पुसून दाखवतो.

रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये. डिझेल गाडीत नवे ऑइल थोड्याच प्रवासात काळे पडते. त्यात फसवणूक नसते. पातळी वाढत गेली तर मात्र शंका घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी जाळण्यासाठी जादा इंधन सोडले जाते. गाडी केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी वापरली, तर त्यातील काही इंधन ऑइलात मिसळते आणि पट्टीवरील पातळी वर सरकते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरत असल्याचा संशय धरून गाडी चालवणे थांबवावे.

सर्व्हिसिंगच्या दिवशी रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. चेंबरच्या बोल्टखालील वॉशर जुनाच वापरला असेल किंवा फिल्टर नीट आवळला नसेल, तर सकाळी कागदावर काळपट डाग दिसतो. डाग दिसल्यास गाडी त्याच दिवशी गॅरेजला दाखवावी. कागद कोरडा असला तरी आठवड्याभराने सकाळी थंड इंजिनावर पट्टी पुन्हा एकदा पाहावी आणि तारीख व किलोमीटर त्याच बिलाच्या पाठीमागे लिहून ठेवावेत.