फोन हातात घेताच वाजणारा गजर
मोबाइल ॲपमधील वेळेच्या सूचना मध्यरात्री गप्प का राहतात, याची मीमांसा

अहिल्यानगर, प्रतिनिधी : जिल्ह्यातील बागायतदार शेतकऱ्याचे घड्याळ गेली अनेक वर्षे सूर्यापेक्षा विजेच्या वेळापत्रकावर अधिक चालत आले आहे. कृषिपंपांना दिवसा किंवा रात्री मोजके तास थ्री-फेज वीज आणि ती पाळीही चक्राकार पद्धतीने बदलणारी, अशी ही व्यवस्था होती. जेथे दिवसाची वीज अद्याप पोहोचलेली नाही, तेथे ती आजही आहे. त्यात मुळा आणि भंडारदऱ्याच्या कालव्यांची आवर्तने सुरू झाली की चारीवरची पाळी कोणत्या प्रहरी येईल याचा नेम नसतो. पूर्वी अशा वेळी उशाशी चावीचे घड्याळ असे. आता मोबाइल असतो आणि त्यात गजर, पिकाच्या पाण्याची आठवण, औषधाच्या फवारणीची आठवण असे सारे काही भरलेले असते.

या व्यवस्थेतील एक तक्रार मात्र सार्वत्रिक आहे. ॲपमध्ये रात्री दोनची वेळ लावली. दोन वाजता काहीच झाले नाही. पहाटे जाग आल्यावर फोन हातात घेतला आणि त्याच क्षणी दोनचा गजर वाजला. दुसऱ्या दिवशी ‘आता पाहू’ म्हणून दोन मिनिटांनंतरची वेळ लावली, तर तो बिनचूक वाजला. मग दोष कोणाचा, ॲपचा, फोनचा की शेतकऱ्याच्या झोपेचा? बहुतेक वेळा दोष झोपेचाच असतो, पण तो शेतकऱ्याच्या नव्हे, फोनच्या झोपेचा!

फोनची गाढ झोप

भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. या प्रणालीने गेल्या दशकात बॅटरी वाचविण्यासाठी जे नियम एकामागोमाग एक लागू केले, त्यांत या तक्रारीचे मूळ आहे. २०१३ मधील अँड्रॉइड ४.४ पासून ॲपने मागितलेला साधा गजर ठरल्या क्षणी वाजण्याची हमी काढून घेण्यात आली. निरनिराळ्या ॲपचे गजर एकत्र गोळा करून फोनला एकदाच जागे करावे, असा त्यामागील हेतू होता. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत ‘डोझ’ ही व्यवस्था आली. फोन चार्जरला लावलेला नाही, पडदा बंद आहे आणि तो बराच वेळ एका जागी निश्चल पडून आहे, या तीन गोष्टी जुळल्या की फोन गाढ झोपेत जातो. ॲपचे इंटरनेट तोडले जाते, पार्श्वभूमीवरील कामे थांबतात आणि साधे गजर पुढे ढकलले जातात. मधूनमधून फोन काही क्षणांसाठी जागा होऊन तुंबलेली कामे उरकतो. परंतु रात्र चढत जाते तसतसे या जागरणांमधील अंतरही वाढत जाते.

कोनाड्यात किंवा उशाशी ठेवलेला फोन मध्यरात्री नेमक्या याच अवस्थेत असतो. तो उचलला, हलवला किंवा त्याचा पडदा उजळला की झोप मोडते आणि अडकून पडलेला गजर तत्काळ वाजतो. म्हणजेच हा दोष तपासायला जावे तेव्हा नाहीसा होणारा आहे. दोन मिनिटांची चाचणी फसवी ठरते ती याच कारणाने, कारण त्या दोन मिनिटांत फोन झोपलेलाच नसतो. रात्रीचा गजर तपासायचा तर तो रात्रीच्याच परिस्थितीत तपासला पाहिजे, हे या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. दुर्दैवाने वापरणारा आणि बनविणारा, दोघेही बहुधा दिवसाच तपासतात.

यावर तोड नाही असे नव्हे. झोपेतही वाजू शकणारे गजर प्रणालीने उपलब्ध करून दिले आहेत. एका प्रकारात ॲप फोनला झोपेतून उठवू शकते, पण त्याच्या वारंवारतेवर बंधन असते. दुसरा प्रकार खास घड्याळाच्या गजराचा. त्याची वेळ जवळ आली की फोन आपणहून गाढ झोपेतून बाहेर येतो. फोनसोबत येणारे घड्याळ सहसा चुकत नाही ते या दुसऱ्या प्रकारामुळे. बाहेरून घेतलेल्या ॲपने यांपैकी कोणता मार्ग निवडला, हे मात्र वापरणाऱ्याला दिसत नाही. पडद्यावर दोहोंचे घड्याळ सारखेच असते.

परवानगीचे कुलूप

झोपेचा प्रश्न सुटला तरी परवानगीचा प्रश्न उरतो. २०२१ मधील अँड्रॉइड १२ ने ‘अलार्म आणि रिमाइंडर’ अशी स्वतंत्र परवानगी आणली. ती नसेल तर ॲपला नेमक्या वेळेचा गजर मागताच येत नाही. २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर बहुतेक नव्या ॲपना ही परवानगी आपोआप मिळणे बंद झाले. सेटिंगमध्ये जाऊन ती हाताने द्यावी लागते. घड्याळ आणि दिनदर्शिका हेच ज्यांचे मुख्य काम आहे, अशा ॲपना वेगळी सवलत आहे. त्याआधी २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ने सूचना दाखविण्यासाठीही ग्राहकाची संमती सक्तीची केली. ॲप प्रथम उघडताना समोर आलेल्या प्रश्नाला घाईत ‘नाही’ म्हटले की पुढे गजराची वेळ होऊनही पडद्यावर काहीच दिसत नाही. शिवाय महिनोन्महिने न उघडलेल्या ॲपची परवानगी प्रणाली स्वतःहून परत घेते. हंगामापुरते वापरले जाणारे शेतीचे ॲप या नियमात सहज सापडते. खरिपात वाजणारे ॲप उन्हाळ्यानंतर मुके झाले, तर त्याचे नवल वाटायला नको.

तिसरे कारण फोन बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचे. फोन पुन्हा सुरू झाला की ॲपनी नोंदविलेले सारे गजर पुसले जातात. ते नव्याने नोंदविण्याची जबाबदारी ॲपची असते आणि अनेक ॲप ती विसरतात. बॅटरी संपून बंद पडलेला फोन चार्ज करून सुरू केला, किंवा मध्यरात्री प्रणालीचे अद्ययावतीकरण होऊन तो आपोआप पुन्हा सुरू झाला, तर असा प्रसंग ओढवतो. त्यातही फोनचे कुलूप एकदा उघडेपर्यंत बहुतेक ॲपना आपली साठविलेली माहिती वाचता येत नाही. घरातले सगळे झोपलेले असताना कुलूप उघडणार कोण?

चौथे कारण फोन बनविणाऱ्या कंपन्यांचे. बॅटरी अधिक काळ टिकते अशी जाहिरात करता यावी, म्हणून काही कंपन्या मूळ प्रणालीपेक्षा कडक नियम लावतात. अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीतून एखादे ॲप बोटाने बाजूला सारले की मूळ अँड्रॉइडमध्ये त्याचा गजर कायम राहतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मात्र ते ॲपच बंद पाडले जाते आणि त्यासोबत गजरही रद्द होतो. एकाच घरातील दोन फोनवर एकच ॲप वेगवेगळे वागते, त्याचा उलगडा येथे होतो.

ऑटोस्विचचा धडा

हे सारे नियम ग्राहकाच्या विरोधात आहेत, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. जिल्ह्यातील शेतकऱ्यांना ऑटोस्विचचा अनुभव आहे. रात्री वीज आली की उठावे लागू नये, म्हणून कृषिपंपाला ऑटोस्विच बसविला जातो. परंतु वीज येताच साऱ्या शिवारातील पंप एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर भार येतो आणि ते जळते. म्हणूनच ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण वारंवार करीत आले आहे. फोनमध्येही प्रत्येक ॲपने मनाला येईल तेव्हा जागे व्हायचे ठरविले, तर दुपारपर्यंत बॅटरी रिकामी होईल. ज्या भागात विजेचाच भरवसा नाही, तेथे ही किंमत लहान नाही. तेव्हा शिस्त हवीच. प्रश्न एवढाच की, शिस्त लावताना कोणता गजर ‘जाहिरातीचा’ आणि कोणता ‘पाण्याच्या पाळीचा’, हे फोनने ओळखायचे कसे? त्याचे उत्तर सध्या ग्राहकावर, म्हणजे सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या पानावर ढकलण्यात आले आहे.

ही अडचण केवळ स्वस्त फोनांची किंवा एकाच प्रणालीची नाही. २०११ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवशी आयफोनमधील एकवेळचे गजर जगभर वाजले नव्हते. २०२४ मध्येही काही आयफोनचे गजर आवाज करीत नसल्याचे ॲपल कंपनीला मान्य करावे लागले. बाहेरच्या ॲपना घड्याळासारखा हमखास गजर वाजवू देणारी सोय ॲपलने २०२५ मध्ये आणली.

पणाला काय लागते?

गजर चुकला तर कामाला उशीर होतो, एवढ्यावर हा विषय संपत नाही. पाण्याची पाळी चुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत पीक वाट पाहते. चुकीच्या वेळी उठून दारे धरायला गेलेला माणूस उसाच्या फडाशेजारी अंधारात उभा राहतो. अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्यात बिबट्याचा वावर असताना दिवसा वीज मिळावी ही मागणी का होते, हे वेगळे सांगायला नको. क्षयरोगाची किंवा रक्तदाबाची गोळी, इन्सुलिनची वेळ यांसाठीही आता ॲपवरच विसंबले जाते.

दुसरीकडे सार्वजनिक संस्थांचा कलही ॲपकडे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकाची पाण्याची गरज आणि पाणी देण्याचे वेळापत्रक काढून देणारे ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे ॲप विकसित केले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याचा इशारा देते. अशा साधनांमागील शास्त्र कितीही अचूक असले, तरी सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याचा शेवटचा टप्पा फोनच्या हाती असतो. त्यातही आधी ठरवून ठेवलेला गजर फोनच्या आत तयार होतो, तर वादळ-विजेचा इशारा बाहेरून इंटरनेटद्वारे येतो. पहिल्यावर झोपेचे आणि परवानगीचे बंधन असते, दुसऱ्यावर त्यासोबत रेंजचेही.

या शेवटच्या टप्प्याकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते, याचे उदाहरण राज्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता अपुरी होती आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲप त्यावर नीट चालत नव्हते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. तो प्रश्न गजराचा नव्हता; पण ज्यांच्या हातात जो फोन आहे त्यावर ॲप तपासून न पाहण्याची वृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सेल ब्रॉडकास्ट पद्धतीच्या आपत्कालीन संदेशांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य फोन एकाच वेळी मोठ्याने वाजले आणि थरथरले. त्यासाठी कोणतेही ॲप घ्यावे लागले नाही. जिवावरच्या इशाऱ्यासाठी ॲपवर विसंबू नये, हा त्यातील बोध होय.

उपाय कोणी करायचा?

ग्राहकाने करण्याजोगे उपाय थोडे आणि सोपे आहेत. ॲपला सूचनांची तसेच अलार्म आणि रिमाइंडरची परवानगी दिली आहे का, हे पाहावे. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरील बंधन काढावे. ‘व्यत्यय आणू नका’ चालू असल्यास त्यात अलार्मला मुभा आहे ना, याची खात्री करावी. फोन बंद होऊन सुरू झाला असेल, तर झोपण्यापूर्वी ॲप एकदा उघडावे. फोन चार्जरला लावून ठेवल्यास तो गाढ झोपेत जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. एवढे करून चार-पाच तासांनंतरची वेळ लावावी आणि फोनला मध्ये हात न लावता तो वाजतो का, हे पाहावे. खरी परीक्षा हीच. आणि जे काम चुकून चालणारच नाही, त्यासाठी फोनमधील मूळ घड्याळाचा दुसरा गजर लावावा.

परंतु सेटिंगची ही वारी प्रत्येक शेतकऱ्याने आणि प्रत्येक वृद्ध रुग्णाने करावी, ही अपेक्षा रास्त नाही. वेळेची हमी देणाऱ्या ॲपने परवानगी नसेल तर ते मोठ्या अक्षरांत, मराठीत सांगितले पाहिजे. गजर हुकला तर ‘हुकला’ अशी नोंदही दाखविली पाहिजे. शासकीय संस्था आणि विद्यापीठे जी ॲप करवून घेतात, त्यांच्या करारात रात्रभर निश्चल ठेवलेल्या, चार्जरला न लावलेल्या आणि बाजारातील साध्यातल्या साध्या फोनवरची चाचणी ही अट असावी. त्याला मोठा खर्च येत नाही. लागते ती एक रात्र आणि काही फोन.

या जिल्ह्यापुरते बोलायचे तर रात्रीच्या गजराची गरजच कमी करणारा मार्गही येथेच आखला गेला होता. २०१७ मधील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या आरंभीच्या प्रकल्पांत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा समावेश होता. दिवसा वीज देण्याचे हे धोरण २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात विस्तारले. ते शेवटच्या वाहिनीपर्यंत पोहोचेल तेव्हा पंपासाठी मध्यरात्री उठण्याची वेळ येणार नाही. कालव्याची पाळी आणि औषधाची वेळ मात्र तेव्हाही रात्री येतच राहील. त्या रात्रीसाठी ॲप बनविणाऱ्यांनी आपले काम रात्री तपासून पाहावे, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.