हमालाने गाठोडे सोडू नये

शहाणपणाला आपल्याकडे इतका मान आहे की, अडाणीपणा हाही एखाद्याचा थोर गुण असू शकतो असे म्हणणाऱ्यालाच लोक अडाणी ठरवतात. तो धोका पत्करून मी आज एका अडाण्याची वकिली करणार आहे. हा अडाणी म्हणजे इंटरनेटचे जाळे. वाहून नेणाऱ्याने माल पाहावा, मालकाची ऐपत जोखावी आणि त्याप्रमाणे भाडे आकारावे, अशी भाषा दूरसंचार कंपन्या व त्यांचे कैवारी हिरिरीने बोलू लागले आहेत. हमाल असा हुशार झाला की, गाठोड्यात रेशीम दिसल्यावर दुप्पट मजुरी मागतो आणि मालकाशी वाकडे आले तर गाठोडे रस्त्यातच ठेवून देतो. असल्या हुशारीला माझा विरोध आहे.

मुळात हे जाळे चालते कसे, ते समजून घेतल्याशिवाय वादाला अर्थ नाही. जुन्या टेलिफोनची रीत अशी होती की, दोघांचे बोलणे चालू असेतो त्यांच्यामधली वाट त्यांच्यासाठी अडवून ठेवायची. दोघे मुके बसले तरी ती तिसऱ्याला मिळायची नाही. संगणकांचे बोलणे तर फारच तुटक: क्षणभर धबधबा, मग शुकशुकाट. त्यांच्यासाठी वाट अडवणे म्हणजे वर्षातून एकदा निघणाऱ्या वरातीसाठी रस्ता बारमाही बंद ठेवणे! १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांचे काम ठाऊक नसताना, यावर एकच तोड काढली. निरोपाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि मोकळ्या वाटेने तो पुढे ढकलावा. डेव्हिस यांनी या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव दिले. आपण त्याला पाकीटच म्हणू.

हे पाकीट आजही बहुधा १५०० बाइटांच्या आतले असते. प्रचलित चौथ्या आवृत्तीत त्याच्या माथ्यावर किमान २० बाइटांचा मजकूर असतो आणि त्यात धाडणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता येतो. वाटेवरचा राउटर पत्ता वाचतो, आपल्या कोष्टकात पाहतो, पाकीट पुढच्या नाक्याकडे ढकलतो आणि विसरून जातो. ते पोचेलच अशी हमी तो देत नाही. मग हरवले, मागेपुढे झाले, तर निस्तरायचे कोणी? दोन टोकांच्या संगणकांनी. क्रम लावणे, पोच देणे, पोच न आल्यास पुन्हा धाडणे, ही सारी जोखीम त्यांची. फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी हे तत्त्व आधी राबवले. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली निरनिराळी जाळी जोडणारी पद्धत मांडली आणि तिच्यातून घडलेले नियम अमेरिकेच्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले. अक्कल टोकांना, मधे केवळ वाहतूक: इंटरनेटचा पाया तो हा.

या अडाणीपणाने आपल्याला काय दिले? १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा वाटेतला एकही राउटर बदलावा लागला नाही की कोण्या तारमालकाच्या दारी अर्ज करावा लागला नाही. पाकिटात पत्र आहे की चित्र, हे हमालाला कळतच नव्हते. म्हणून नव्या मालाला तो नाही म्हणू शकला नाही.

आता विरोधकांचे ऐकू. ते म्हणतात, "चित्रपट दाखवणाऱ्या बड्या कंपन्या आमच्या तारांवरून डोंगराएवढा माल नेतात, त्यांनी वेगळे भाडे द्यावे." पण चित्रपट आपण होऊन कोणाच्या घरी येत नाही. तो ग्राहक मागवतो, आणि त्याने आपल्या डेटाचे पैसे आधीच मोजलेले असतात. गिरणीवाल्याने दळण आणणाऱ्याकडून पैसे घ्यावेत आणि पुन्हा ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडेही हात पसरावा, तसला हा न्याय. जाळ्याचे शुल्क परवडत नाही असे उघड सांगून ट्विच या प्रक्षेपण-सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियातून गाशा गुंडाळला. ही ट्विच ॲमेझॉनच्या मालकीची. तिला जे झेपले नाही, ते सांगलीच्या एखाद्या होतकरू मुलीला झेपेल काय?

दुसरे म्हणतात, रुग्णवाहिकेला वाट नको का द्यायला? अवश्य द्या. २०१८ साली केंद्र सरकारने मान्य केलेल्या तत्त्वांतही दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या सेवांना अपवाद ठेवला आहे. रुग्णवाहिका कोणाच्याही इस्पितळाची असो, तिला वाट मिळावी. सावकाराच्या मोटारीवर लाल दिवा बसवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरे गरिबांचा कळवळा घेऊन येतात. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना अशीच आली होती: निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीचे जग विकत. गरिबाला काय वाचू द्यायचे, हे दात्याने ठरवायचे! ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास बंदी केली. तिच्यामागे लोकांचा रेटा होता: २०१५ मध्ये या प्रश्नावर प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली होती.

पण नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. अमेरिकेत हेच संरक्षण २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये काढले गेले, २०२४ मध्ये पुन्हा दिले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले. आपल्याकडेही बड्या सेवांकडून शुल्क घेण्याची मागणी कंपन्यांनी 'न्याय्य वाटा' या गोंडस नावाने पुढे केली आहे. तिला रुपयांचा हिशेब समजून कोणी गाफील राहू नये. भाड्यासाठी गाठोडे उघडायची सवय हमालाला एकदा लागली की, उद्या तो मालकाच्या मर्जीसाठी उघडील आणि परवा सरकारच्या हुकमासाठी. म्हणून नियामक पुन्हा लोकांचे मत विचारील, तेव्हा २०१५ सारखीच पत्रांची रास त्याच्या दारात पडली पाहिजे. आणि त्या पत्रांत एकच मागणी असावी: पत्ता वाचा, पाकीट पोचवा, आत डोकावू नका.