नवा पाळक पाठवा म्हणे!

डिसेंबर संपत आला की बेलापूर-श्रीरामपूरकडच्या मंडळ्यांतल्या पाळकाला एक काम हमखास असतं. वर्षाचा अहवाल लिहायचा. साचा ठरलेला आहे. बाप्तिस्मे किती झाले, लग्नं किती लागली, किती जणांना माती दिली. कापणीच्या सणाला कोंबड्या, नारळ, भोपळे, धान्याची पोती यांच्या लिलावात किती जमले. मंदिराला रंग कुणी दिला, स्पीकर कुणी दिला, पंखे कुणाच्या स्मरणार्थ बसले. शेवटी ‘देवाच्या कृपेने वर्ष सुखरूप पार पडले’ हे वाक्य. टाळ्या होतात, चहा येतो, आणि अध्यक्ष म्हणतात, “आता आयत्या वेळचे विषय.”

खरी सभा इथून सुरू होते. कारण आयत्या वेळचा विषय गेली कित्येक वर्षं एकच आहे: मंडळी घटत चालली आहे. रविवारी मागची बाकं रिकामी असतात. तरुण दिसत नाहीत, शब्बाथ शाळेला मुलं येत नाहीत. याला जबाबदार कोण? पाळक. मग उपाय काय? नवा पाळक पाठवा. वर अर्ज जातो, बदली होते, नव्या पाळकाला हार घालतात. दोन-तीन वर्षांनी तीच सभा, तोच चहा आणि तोच अर्ज.

मला एवढंच म्हणायचं आहे की हा उपाय नव्हे, हेच दुखणं आहे.

मी स्वतः पाळक आहे, तेव्हा ‘हा आपली खुर्ची सांभाळतोय’ असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आमची खुर्ची तशीही फिरतीचीच असते. उद्या माझी बदली झाली तर दुःख नाही. पण माझ्या जागी येणाऱ्यालाही हीच रिकामी बाकं मोजावी लागणार आहेत, कारण बाकं रिकामी होण्याचं कारण पुलपिटामागे नाही. ते आपल्या सवयीत आहे.

आमच्या भागात एक गंमत होती. मनमाड-दौंड रेल्वेमार्गावरच्या स्टेशनाचं नाव बेलापूर, पण गाडीतून उतरलं की माणूस पोचायचा श्रीरामपुरात. खरं बेलापूर तिथून काही मैलांवर, प्रवरेच्या काठी. नवखा माणूस पाटी वाचून उतरायचा आणि मग टांग्यावाल्याला विचारायचा, “बेलापूर कुठाय?” आपल्या मंडळ्यांचं असंच झालं आहे. पाटीवर ‘मंडळी’ लिहिलेलं आहे आणि आत आहे ते प्रेक्षागृह. एक माणूस पुढे उभा राहून सगळं करतो आणि बाकीचे ते बरं झालं की वाईट, याचा निकाल देतात.

ही सवय आली कुठून? थोडा इतिहास बघू या, कारण तो आपल्याच जिल्ह्यातला आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं केलं. १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. १८५४ साली त्या मिशनच्या अमेरिकेतल्या मूळ संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि नगरलाही येऊन गेले. त्यांचं म्हणणं तेव्हाच्या अनेक मिशनऱ्यांना कडू लागलं होतं. मिशनरी हा पाहुणा आहे, त्याने लवकरात लवकर निघून जावं. इथल्या मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण करावा आणि आपला प्रसारही आपणच करावा. त्याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे ‘आपलं आपण’ ही गोष्ट दिल्लीच्या किंवा नागपूरच्या कुठल्या ठरावातून काल-परवा आलेली नाही. नगरमध्ये ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी बोलली गेली आहे.

मग घडलं काय? दुष्काळ घडले. १८७६-७८ चा, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा. पोरकी मुलं मिशनच्या आवारात आली. त्यांना अन्न मिळालं, शाळा मिळाली, हातात कसब मिळालं. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यांच्या मुली मास्तरीण झाल्या, नर्स झाल्या. या उपकाराला कुणी नावं ठेवू नयेत, मीही ठेवत नाही. आज आपण लिहितो-वाचतो ते त्या आवारामुळे.

पण त्या आवाराने आणखी एक शिकवलं. देणारा वर असतो आणि घेणारा खाली. शाळा साहेबाची, दवाखाना साहेबाचा, मंदिर साहेबाचं, आणि पाळक हा साहेबाचा पगारी माणूस. आपण फक्त यायचं. साहेब गेले. १९७० साली नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, सह्या झाल्या, कारभार आपल्या हाती आला. मात्र साहेबाची जागा रिकामी ठेवायचं आपल्याला सुचलं नाही. त्या जागी आपण पाळकाला बसवलं. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ पाळकांनाही ती खुर्ची मऊ लागली.

हे सगळं एका माणसाला शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, नगरला आले, पुढे बेलापूरच्या शेजारच्या राहुरीलाही राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. मिशनशी भांडण म्हणून नव्हे. येशूच्या मागे जायला मिशनच्या आवारातून जावं लागू नये, बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोघेही तिथे बसावेत, आणि हिंदी माणसाने हे सगळं आपल्या पायावर उभं राहून करावं, म्हणून. दोन वर्षांत, १९१९ साली, ते गेले आणि दरबार मोठा होऊ शकला नाही.

आपण काय केलं? त्यांची तसबीर लावली. त्यांची भजनं पाठ केली. त्यांनी विचारलेला प्रश्न तेवढा गाळला. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरं गिरवलेली बाई! तिच्या नावाने आपण कार्यक्रम करतो आणि त्या कार्यक्रमात आपल्या महिला मंडळाकडे काम काय? चहा आणि हार. पंच कमिटीत किती बाया आहेत ते मोजून पाहा, बोटं उरतील.

आता हरकतींकडे वळतो. सभेत त्या नेहमी येतात.

पहिली हरकत: “आमची माणसं गरीब, मंडळीचा भार कसा उचलणार?” ऊसतोडीला जाणारा, रोजंदारीवर जाणारा माणूस गरीब आहेच. पण त्याच माणसाच्या घरचं लग्न मी लावतो तेव्हा मंडप असतो, डीजे असतो, पाचशे पानं उठतात. कापणीच्या सणाच्या लिलावात एका नारळाला चढाओढीने जे मोल येतं ते पाहून बाहेरचा माणूस थक्क होतो. पैसा अगदीच नाही असं नाही. चारचौघांत नाव होतं तिथे तो निघतो, नाव होत नाही तिथे निघत नाही. शिवाय भार म्हणजे फक्त पैसा का? पौल तंबू शिवून पोट भरायचा. आजारी माणसाशेजारी रात्र काढायला, विधवेचा अर्ज लिहून द्यायला, शेजारच्या चार पोरांचा अभ्यास घ्यायला किती रुपये लागतात?

दुसरी हरकत: “तरुण पुण्याला गेले, आता काय उरलं?” गेले खरे. चाकणला, भोसरीला, रांजणगावला. इकडे हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना बंद पडला, शेतीवर सगळ्यांचं भागत नाही, मग पोरं जाणारच. पण ती मेलेली नाहीत ना! तिकडे एका खोलीत चौघं राहतात, रविवारी पाळी लागली तर कामावर असतात. वर्षातून एकदा नाताळला येतात, तेव्हा आपण त्यांना नाटकात मेंढपाळ करतो आणि वर्गणीची पावती फाडतो. वर्षभरात त्यांना एक फोन कुणी केला? ‘पाळकाने करायला हवा होता’ हे उत्तर तयार असतं. त्यांचे चुलते, मामा, शब्बाथ शाळेचे मास्तर यांनी का नाही केला?

तिसरी हरकत नाजूक आहे. कागदाची. “पोरं शाळेच्या दाखल्यावर ख्रिस्ती लावत नाहीत, मग मंडळी कशी वाढणार?” यावर आपल्याकडे पुलपिटावरून गडगडाट होतो. मला तो ऐकवत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शिखांना मिळाला, १९९० साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्याला नाही. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात घातलं, पण दोन्हींत किती अंतर आहे हे फी भरणाऱ्या बापाला विचारा. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा धर्माचा अडसर काढा म्हणून शिफारस केली. त्यानंतर २०२२ साली पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग येतात आणि तोवर पोराचं बारावीचं वर्ष काही थांबत नाही.

हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ज्या बापाने लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी दाखल्यावर दुसरा धर्म राहू दिला, त्याला भ्याड म्हणण्याआधी मंडळीने एक सांगावं. तिची फी आपण भरणार होतो का? आपल्या अहवालात रंगाचा खर्च आहे, स्पीकरचा आहे. शिष्यवृत्तीचं सदर आहे का? येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या रकान्यात कोण काय लिहितो याची पहारेदारी करण्यापेक्षा, लिहिणाऱ्याच्या पाठीशी आपण किती उभे राहिलो ते आधी मोजू या. जी मंडळी आपल्या माणसाचा भार उचलत नाही, तिला त्याच्या कागदाची उलटतपासणी घेण्याचा अधिकार नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सगळं रडगाणं होईल. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. ती कॅथलिकांची, आमच्या पंथाची नव्हे. पण पायी येणारी माणसं पाहा, सगळ्या जातीधर्मांची. पाणी देणारी, रांगा लावणारी पोरं पाहा. त्यांना कुणी हात धरून आणलेलं नसतं. यात्रा ‘आपली’ वाटते म्हणून ती राबतात. आपल्या रविवारच्या उपासनेबद्दल असं किती जणांना वाटतं? उपासनेला उशिरा आलेला माणूस मागे बसतो आणि घड्याळ बघतो. त्याच माणसाला गावच्या भजनात पखवाज द्या, रात्र जागवील. त्याच्या अंगात भक्ती कमी नाही. आपण त्याच्या हातात काहीच देत नाही.

तेव्हा पुढच्या वर्षासाठी माझं मागणं साधं आहे. अहवाल पाळकाने लिहू नये. महिला मंडळाने लिहावा, तरुणांनी लिहावा, आणि ‘किती आले’ या रकान्याच्या जागी ‘कोणी काय केलं’ हा रकाना असावा. जमाखर्च दर महिन्याला मंदिराच्या दारावर चिकटवावा, म्हणजे कुजबुज आपोआप थांबेल. लिलावाच्या पैशातला ठरलेला वाटा मुलांच्या फीसाठी बाजूला काढावा, रंग एक वर्ष थांबेल. पुण्याला गेलेल्या प्रत्येक पोरामागे इथल्या एका घराने आपलं नाव लावावं आणि महिन्यातून एकदा त्याची चौकशी करावी. महिन्यातला एक रविवार पाळकाने मागच्या बाकावर बसावं आणि उपासना मंडळीने चालवावी. चुकेल, अडखळेल, सूर लागणार नाही. चालेल. प्रवरेत पोहायला शिकलेल्या कुठल्या पोराने आधी गटांगळ्या खाल्ल्या नाहीत?

हे सगळं करून पाहिलं आणि तरीही मंडळी घटली, तर खुशाल माझ्या बदलीचा अर्ज करा. पहिली सही मी करीन. पण काहीच न करता नुसता माणूस बदलणं म्हणजे मोट फुटकी ठेवून बैल बदलण्यासारखं आहे. बैल कितीही जातिवंत आणा, पाणी वाटेतच सांडणार.

पटलं तर पुढच्या सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून हेच मांडा. नाही पटलं तर भांडायला या, चहा माझ्याकडे.