जाड पूल म्हणजे भक्कम पूल? एका गैरसमजाचा इतिहास

१/ चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पुलांबाबत कोणी कार्बन उत्सर्जनाचा विषय काढला, की ठरलेले उत्तर येते: ‘आधी पूल तर होऊ द्या; हवामानाची चिंता पोट भरलेल्यांनी करावी.’ या उत्तरात कळकळ आहे, पण इतिहासाचे भान नाही. ते का, हे मांडणारा हा धागा.

२/ पूल हवेतच, याविषयी वाद नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा ठेंगणा पूल पाण्याखाली जातो आणि शंभराहून अधिक गावांचा संपर्क तुटतो. अशा वेळी अडलेल्या बाळंतिणीला कार्बनचे प्रवचन देणे हा निर्दयपणा ठरेल. परंतु ‘पूल की पर्यावरण’ हा प्रश्नच खोटा आहे. खरा प्रश्न असा: तोच भार पेलणाऱ्या पुलाला सिमेंट किती लागावे?

३/ शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीतल्या इंधनाचा धूर त्याखेरीज. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. आणि ही चुनखडी येते कोठून? आपल्याच राजुरा-कोरपना पट्ट्यातून. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही नावे सर्वांना ठाऊक आहेत.

४/ आता १९८२ हे साल पाहा. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. सिमेंटवाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडला आणि जानेवारीत मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. फेब्रुवारीत केंद्राने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. १९८९ मध्ये ते पूर्णपणे गेले.

५/ त्याच १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्मला. म्हणजे या जिल्ह्याचे वय आणि सिमेंटच्या मुबलकतेचे वय एकच! टंचाईने भ्रष्टाचार पोसला, हे खरे. पण तिने अभियंत्याला हिशेबही शिकवला. मुबलकतेत भ्रष्टाचार संपला नाही, हिशेब मात्र सुटला.

६/ कोणता हिशेब? दोन टोकांना टेकलेली स्लॅब भाराखाली वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती दाबाच्या जेमतेम एक दशांश. ताण घेते ते पोलाद. खालच्या काँक्रीटचे काम पोलादाला धरून ठेवणे, गंजापासून जपणे आणि कातर सोसण्यास हातभार लावणे. त्यापलीकडचे सारे निव्वळ ओझे. ते वगळले की टी-आकाराची तुळई किंवा पोकळ पेटीचा गर्डर उरतो.

७/ गाळ्याचेही तसेच. गाळा लांबवला तर वाकवणारा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आखूड ठेवला तर खांब आणि पाये वाढतात. जुना आडाखा सांगतो: वरच्या बांधकामाचा खर्च खालच्या खर्चाच्या जवळपास आला, की गाळा किफायतशीर. आज संगणक असे हजारो पर्याय तपासतो. त्यात रुपयाशेजारी कार्बनचा किलो मांडायचा, एवढेच नवे.

८/ ‘पण काटकसरीचा पूल पडेल!’ स्वित्झर्लंडमध्ये रोबेर मायार यांचा साल्गिनाटोबेल पूल १९३० मध्ये पुरा झाला. ९० मीटरची पोकळ कमान, स्पर्धेतला सर्वांत स्वस्त आराखडा. तो आजही उभा आहे.

९/ उलट उदाहरण सिरोंचासमोरच आहे. मेडीगड्डा बंधाऱ्यावर डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत १६ हजार घनमीटरांहून अधिक काँक्रीट ओतल्याचा विक्रम मिरवला गेला. २०१९ मध्ये उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये खांब खचले. तपासणीने बोट ठेवले ते पायाखालून सरकणाऱ्या वाळूवर. काँक्रीटचे ढीग विचाराची जागा घेत नाहीत.

१०/ आणखी एक साधन दारातच पडून आहे. २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची राख. भारतीय मानकांनुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के चालते. अशा काँक्रीटला ताकद सावकाश येते, पाणी अधिक दिवस मारावे लागते. म्हणजे किंमत आहे ती धीराची.

११/ मग हे होत का नाही? बाबनिहाय दराच्या कंत्राटात देयक घनमीटरवर निघते. सल्लागाराचे शुल्क प्रकल्पखर्चाच्या टक्क्यांत असेल, तर सडपातळ पूल आखणे म्हणजे स्वतःच्याच खिशाला कात्री. दोष अभियंत्याच्या बुद्धीचा नाही. उधळपट्टीला बक्षीस देणाऱ्या रीतीचा आहे.

१२/ म्हणून मागणी सरळ आहे. पुलाच्या प्रत्येक निविदेत दर चौरस मीटरमागे सिमेंट, पोलाद आणि कार्बन किती, हे जाहीर करा. भार तोच, पूररेषा तीच, सुरक्षेचे निकष तेच. त्यात कमी साहित्य लागेल त्या आराखड्याला प्राधान्य द्या. चार पुलांत वाचलेल्या सिमेंटमधून पुढच्या नाल्यावर पाचवा उभा राहू शकतो. ज्यांना ‘आधी पूल’ हवेत, त्यांनीच ही मागणी सर्वांत मोठ्या आवाजात करायला हवी.