अभिमान फुकटचा, पदरमोड मात्र नको!

पेणच्या गणेशमूर्ती सातासमुद्रापार जातात, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण त्याच पेणमध्ये १८६३ साली ‘बेथ हाएलोहिम’ हे सिनेगॉग उभे राहिले, हे किती पेणवासीयांना ठाऊक आहे? पेणचे पेणकर आणि रोह्याचे रोहेकर ही बेने इस्रायलींचीही आडनावे आहेत, हे आपल्या मुलांना कोण सांगतो? तेलाचा घाणा चालविणारा आणि शब्बाथला तो बंद ठेवणारा हा समाज कुलाबा जिल्ह्यात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला. शतकानुशतके तो येथे निर्धास्तपणे नांदला.

व्यासपीठ मिळाले की आपण हेच छातीठोकपणे सांगतो. जगभर ज्यूंचा छळ झाला. येथील समाजाने मात्र त्यांना आपले मानले! विधान खरे आहे. परंतु छळ न करणे हे किमान कर्तव्य होय; त्याला जतन म्हणत नाहीत. जतनाला पैसा लागतो. तो आपण कधी दिला?

इतिहास काय सांगतो? हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. तिला आधार मिळाला तो लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचा आणि पुढे हाँगकाँग-शांघायचे उद्योगपती सर एली कदूरी यांचा. माझगावची ती शाळा आजही कदूरींच्याच नावाने ओळखली जाते. मुले कोकणची, भाषा मराठी, आणि मदत मात्र साता समुद्रांपलीकडून!

शासनाचे धोरणही असेच. महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे स्वागतार्हच. परंतु केंद्राच्या अधिसूचित यादीतील सहा समाजांत आजही ज्यू नाहीत. त्यामुळे त्या यादीवर आधारलेल्या केंद्रीय शिष्यवृत्त्या त्यांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात ज्यूंची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. एवढ्या मतांनी कोणाची निवडणूक फिरते? मतपेढी नाही, म्हणून दखल नाही!

कोणी विचारेल, अल्पसंख्याकांच्या अनुनयावर टीका करणारे तुम्ही, तुम्हीच ही मागणी करता? प्रश्न रास्त आहे; उत्तरही सरळ आहे. मतांसाठी केलेली खैरात म्हणजे अनुनय. ज्यांच्याकडून मतांची अपेक्षाच करता येत नाही, त्यांच्या गरजू विद्यार्थ्याला हात देणे म्हणजे न्याय.

आणि अभ्यासाची शिष्यवृत्ती तर केवळ ज्यूंसाठी नकोच. ती कोणत्याही गुणवंत मराठी विद्यार्थ्याला खुली असावी. कारण हा वारसा आपलाही आहे. वल्हांडणाची ‘हग्गादा’ १८४६ साली मुंबईत मराठीसह छापली गेली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८०च्या सुमारास बेने इस्रायलींनी कीर्तनसंस्था उभारली आणि आपल्या धर्मग्रंथांतील आख्याने मराठी कीर्तनातून रंगविली! नारदीय परंपरेचा याहून मोठा गौरव कोणता? हे वाङ्मय वाचायला हिब्रू आणि जुनी मराठी दोन्ही जाणणारा अभ्यासक हवा. तो आपोआप तयार होत नाही. समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. ज्यांना ही पदे आणि त्यांच्या चाली मुखोद्गत आहेत, ते आता वृद्ध झाले आहेत. उद्या ग्रंथ उरतील, पण ते गाऊन दाखविणारा कंठ उरणार नाही.

म्हणून मुंबई विद्यापीठात मराठी-हिब्रू अभ्यासासाठी कायमस्वरूपी शिष्यवृत्ती असावी. ती शासनाने द्यावी. पण शासनाची वाट कशाला पाहायची? पेण-रोह्यातील सहकारी बँका, पतपेढ्या आणि गणेशोत्सव मंडळांनी मनावर घेतले, तर एका अभ्यासकाचा वर्षाचा खर्च सहज उभा राहील. मंडपाच्या रोषणाईतील एक कमान कमी झाली, तर बाप्पा रुसणार नाही!

शेजारधर्माच्या गोष्टी सांगून झाल्या. आता त्या अभिमानाची पावती फाडू या.