वेगवान गाडी, संथ चाल

मुलांनो, गेल्या महिन्यात शाळा सुटण्याच्या वेळी आमच्या फाटकासमोरून एक लाल स्पोर्ट्‌स कार गेली. गेली कसली, अक्षरशः रांगत गेली! गतिरोधकापाशी ती जवळजवळ थांबली. मग तिरकी झाली. आधी एक चाक वर चढले, नंतर दुसरे. नववीच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. "इतकी महाग गाडी आणि चाल बैलगाडीची! मालक घाबरट दिसतो," एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते हसणे मला खटकले.

मी रोज बसने शाळेत येतो. अशा गाडीत मी कधी बसलेलो नाही. पण माझ्या मोठ्या भावाचे गॅरेज आहे. मी त्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "अरे, त्या गाडीचे पोट पाहिलेस का?"

स्पोर्ट्‌स कारचे पोट जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत, म्हणजे १० ते १२ सेंटीमीटर वर असते. गाडी बुटकी असली की वेगात वळताना ती उलटत नाही, रस्त्याला धरून राहते. म्हणून ती मुद्दाम तशी बनवतात. आता गतिरोधक पाहा. नियमाप्रमाणे त्याची उंची १० सेंटीमीटर असावी. आपल्या गल्लीतले गतिरोधक काही नियम वाचून बांधलेले नसतात! गाडी सरळ नेली तर पोट घासते आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात. शिवाय इंजिन थंड असेल तर तेल घट्ट असते, टायर थंड असतील तर रस्त्यावर पकड कमी असते. जाणकार मालक पहिले काही किलोमीटर गाडी सावकाशच चालवतो.

सचिन तेंडुलकरची फेरारी तुम्ही ऐकली असेल. २००२ साली सचिनने कसोटी सामन्यांत २९ शतके करून डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. तेव्हा शर्यतींचा बादशहा मायकेल शूमाकर याच्या हस्ते त्याला ती गाडी भेट मिळाली. तिचा वेग ताशी २९० किलोमीटरहून अधिक. पण मुंबईत तो वेग कुठे वापरणार? २००९ साली सुरू झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही मोटारींना ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा आहे.

काही मालक लोकांनी बघावे म्हणूनही हळू जातात. वेगाने गेले तर गाडी दिसणार कुणाला? हा दिखावा आहे, हे मला मान्य आहे. पण त्यात कुणाचे हाडबीड मोडत नाही. मला राग येतो तो रात्री दवाखान्यासमोर इंजिनाचा आवाज करणाऱ्यांचा.

हळू चालवणाऱ्याला घाबरट म्हणणे मला चूक वाटते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर मूल आले, हे कळून पाय ब्रेकवर पडायला साधारण तेवढा वेळ लागतो. त्यानंतर ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असेल, तरी थांबायला आणखी ८ मीटर लागतात. एकूण १९ मीटर. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ८० ला एकूण सुमारे ५४ मीटर लागतात. गाडी कितीही किमती असली तरी हा हिशेब फारसा बदलत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी हे गणित पाठ म्हणून दाखवायचा. दहावीनंतर मित्राची मोटारसायकल घेऊन तो भरधाव निघाला. पुढे हळू जाणाऱ्या रिक्षावाल्याला त्याने हसून मागे टाकले आणि कोपऱ्यावरच्या टेम्पोवर आदळला. आज तो काठी घेऊन चालतो. मला भेटला की गणिताबद्दल बोलत नाही. मीही काढत नाही.

त्या लाल गाडीच्या मालकाला मी ओळखत नाही. तो गाडीच्या पोटाला जपत होता की आमच्या मुलांना, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी मी वर्गात मोजपट्टी नेली आणि 'घाबरट' म्हणणाऱ्या मुलालाच तिचे टोक धरायला सांगितले. फाटकापासून १९ मीटरवर वह्यांचे दुकान आले. ५४ मीटर मोजेपर्यंत आम्ही दोन गल्ल्यांची तोंडे ओलांडून मशिदीच्या भिंतीपाशी पोचलो होतो. तेवढ्यात पहिल्या गल्लीतून पहिलीची तीन मुले धावत बाहेर आली. मुलाच्या हातात पट्टी तशीच राहिली. तो म्हणाला, "सर, पुन्हा मोजू या का? काहीतरी चुकले असेल." आम्ही पुन्हा मोजले. ५४ मीटरच भरले.